लीकोच्या वहीतली गाळलेली ओळ

६ जानेवारी
मोलोकाई

काइपो,

‘प्रिय’ लिहिलेलं नाही, हे लक्षात आलंच असेल. फोन तू उचलत नाहीस, म्हणून कागद. तुझा पत्ता मानोंग आन्सेल्मोकडे होता. ‘काइपोनं देऊ नको म्हटलंय,’ असं तीनदा बजावून तो पत्त्याचा कागद माझ्या टेबलावर विसरून गेला. शेजारी कितीही खवचट असला तरी शेजारी असतो.

म्हणे लास वेगासला एका हॉटेलात भांडी घासतोस. आपली निम्मी माणसं तिकडे जाऊन बसलीत आणि त्याला आपल्या आठ बेटांपुढचं नववं बेट म्हणतात, ते माहीत आहे मला. पण ती माणसं पत्ते खेळायला जातात. तू मासे धरणारा माणूस, वाळवंटात काय धरतोस?

लिहायचं कारण तुझी बोट. ताडपत्री वाऱ्यानं फाटली आहे. जाळी घराखाली पडून आहेत, त्यात उंदरांनी संसार मांडलाय. काय करायचं ते एका ओळीत कळव. बोटीवर कोणीतरी लाल रंगानं ‘खुनी’ लिहिलंय, ते तसंच आहे. मी लिहिलेलं नाही आणि मी पुसणारही नाही.

माफी मागायला हे पत्र लिहीत नाही, हेही सांगून टाकते. मी जे पाहिलं ते सांगितलं. नऊ नोव्हेंबर, सकाळी पावणेसहा. मी रोजच्यासारखी सीलभोवती लावायच्या दोऱ्या आणि पाट्या घेऊन किनाऱ्यावर आले तर लीको वाळूत पडलेली आणि तिच्याजवळ तू, हातात वल्हं. मला पाहताच दचकून उभा राहिलास. ती मेलेली होती, काइपो. अजून गरम होती. माझ्या हाताला ते अजून जाणवतं.

तिचा जन्म माझ्यासमोरचा. आई तिला सोडून गेली तेव्हा सहा आठवड्यांचं ते पिल्लू एकटंच खाडीत रडत होतं, आणि मी महिनाभर पाळीवर बसून माणसांना, कुत्र्यांना, फोटोवाल्यांना लांब ठेवत होते. आठ वर्षं डोळ्यांत तेल घालून राखली तिला. साऱ्या जगात हे सील जेमतेम दीड हजार उरलेत. आणि तू तिच्याबद्दल काय म्हणाला होतास? तिनं जाळं फाडून तुझे मासे खाल्ले त्या दिवशी, सगळ्या धक्क्यासमोर? ‘एक दिवस या कुत्रीचा निकाल लावतो.’ आजोबाही त्यांना कुत्रीच म्हणायचे, खवळलेल्या पाण्यात पळणारी कुत्री, पण ते लाडानं.

म्हणून मी गावच्या सभेत उभी राहिले. हो, माझ्याच भावाचं नाव घेतलं. सोपं वाटलं का तुला? त्यानंतर गावानं तुझे मासे घेणं बंद केलं, तुझ्या गाडीचे टायर फाडले, त्यातलं मी काही केलं नाही.

पुरे. मांजरांना घालायची वेळ झाली. आपली आई गेली तेव्हा नऊ होती, आता चौदा झाली आहेत. तू माशांची मुंडकी आणून टाकायचास, त्या दगडावर बसून अजून वाट बघतात. ती बघतात. मी नाही.

हाउनानी

२९ जानेवारी

काइपो,

उत्तर नाही. ठीक. जाळ्यांतले उंदीर आता तुझ्यापेक्षा जास्त हक्कानं राहतात.

इकडची बातमी देते, वाचायची नसेल तर टाकून दे. गेल्या शनिवारी आम्हा सील राखणाऱ्या स्वयंसेवकांची बैठक झाली. आमच्या प्रमुख सेत्सुको आन्टीनं मला सगळ्यांपुढे उभं केलं आणि म्हणाली, ‘हाउनानीसारखी छाती सगळ्यांची नसते. घरचा माणूस असून तिनं लपवलं नाही.’ टाळ्या झाल्या. मला पायनॅपलचा केक मिळाला. घरी आणून अर्धा मानोंगला दिला. तो खाता खाता म्हणाला, ‘केक छान आहे. भाऊ विकून आणखी काय काय मिळतं?’ मी ताटली काढून घेतली. त्यानं ती परत ओढली आणि उरलेला तुकडा तोंडात कोंबला. ऐंशी वर्षांचा झाला, शरम नाही.

होनोलुलूहून लीकोचा अहवाल अजून आलेला नाही. तिला विमानानं नेलं तेव्हाच म्हणाले होते, सगळं कापून, तपासून सांगायला महिने लागतात. मला कशाला हवाय अहवाल? पण सेत्सुको आन्टी वही घेऊन बसली आहे. तिची वही तुला ठाऊक आहे. वेळ, खूण, जागा, काय करत होती, कोणी पाहिलं, शेरा. पान उलटून तिनं विचारलं, ‘मरायच्या आधीच्या दोन-तीन दिवसांत कोणी तिला आजारी पाहिलं होतं का? डॉक्टरबाई विचारतेय.’

मी नाही म्हटलं. वहीत तशी काही नोंद नव्हतीच.

तेवढंच लिहायचं होतं. आज मांजरांच्या छपराखाली धुतलं. तू आईसाठी जुन्या बोटीच्या फळ्यांचं करून दिलेलं, अजून पक्कं आहे. रोजच्यासारखी सगळी घाण खराट्यानं ओढ्यात लोटली आणि मगच किनाऱ्यावर गेले. माझ्या अंगणातून वास येतो असं कोणी म्हणायला नको.

हाउनानी

१७ फेब्रुवारी

काइपो,

मार नव्हता.

हे कसं लिहू कळत नाही. सकाळी सीलची डॉक्टर फोनवर होती. मी म्हटलं, ‘बाई, डोक्यावर बघा. कवटीवर बघा. वल्ह्याचा मार असेल.’ ती म्हणाली, ‘बघितलंय. हाड मोडलेलं नाही, कातडी फुटलेली नाही, आत रक्त साकळलेलं नाही. तिला कोणी हात लावलेला नाही.’ मी म्हटलं, दुसऱ्या सीलचा अहवाल वाचत असाल. तिनं सीलच्या मागच्या पायातल्या ओळखपट्टीवरचा नंबर वाचून दाखवला. लीकोचाच होता.

मी फोन ठेवला. मग परत केला. परत तेच.

तिला रोग झाला होता. मेंदूत, काळजात, सगळीकडे पसरलेला. पोटात पिल्लू होतं, त्यालाही. पिल्लू होतं हे मला माहीतसुद्धा नव्हतं. मला, आठ वर्षं वही लिहिणारीला.

कसला रोग ते आज लिहू शकत नाही. मी स्वयंपाकघरात जमिनीवर बसून लिहितेय, दाराशी मांजरं ओरडतायत आणि मला उठवत नाही.

तू काही केलं नव्हतंस. हे एवढं आजच्या टपालात जायला हवं, म्हणून पाठवते.

हाउनानी

२० फेब्रुवारी

प्रिय काइपो,

तीन दिवस झाले. आता सगळं लिहिते. मध्ये थांबले तर परत लिहिणार नाही.

हा रोग मांजरांचा. मांजरांच्या विष्ठेत त्याची अंडी असतात, डोळ्यांना न दिसणारी. पाऊस पडला की ती ओढ्यातून समुद्रात जातात आणि पाण्यात महिनोन्‌महिने जिवंत राहतात. सील तिथं खातात, पोहतात, आणि मरतात. ऑक्टोबरात चार दिवस पाऊस कोसळला होता, आपला ओढा मातीनं लाल होऊन वाहत होता. आठवतं? लीको तेव्हा रोज त्याच्याच तोंडाशी वाळूत झोपायची. मी दोऱ्या तिथंच बांधायचे.

डॉक्टर चांगली बाई आहे. म्हणाली, ‘बेटावर हजारो भटकी मांजरं आहेत. कोणत्या मांजरामुळे हे कोणीच सांगू शकत नाही.’ मला बरं वाटावं म्हणून म्हणाली. पण काइपो, ओढा कुठून येतो आणि कुठं निघतो ते मला माहीत आहे. आई गेल्यापासून पाच वर्षं रोज सकाळी या मांजरांची घाण मी माझ्या हातानं त्या ओढ्यात लोटली. मग हात धुतले, सीलची पाटी काखेत मारली आणि खाली जाऊन लोकांना दटावलं, पन्नास फूट लांब उभे राहा, तिला त्रास होतो.

तू एकदा म्हणालाही होतास. ‘सिस, ही घाण ओढ्यात नको, खाली जाते.’ आणि मी म्हटलं, ‘समुद्र काय लहान आहे?’

अजून एक आहे. हे कोणालाच माहीत नाही, तुला सोडून. आणि तू सभेतसुद्धा ते बोलला नाहीस. का नाही बोललास? मी तोंडघशी पडले असते म्हणून?

सात नोव्हेंबर. मी मांजरांचा भात ढवळत होते. तू ओल्या चड्डीत दारात उभा राहिलास, लादीवर पाणी गळत होतं आणि मी आधी त्यावरून ओरडले. तू म्हणालास, ‘सिस, तुझी लीको बिघडलीय. एकाच जागी गोल गोल फिरतेय, प्यायल्यासारखी. डोकं पाण्याबाहेर ठेवता येत नाहीये. कोणाला तरी फोन कर.’

मी म्हटलं, ‘प्यायलेलं कोण? ती की तू?’

तू हसला नाहीस. ‘वहीत तरी लिही,’ म्हणालास आणि गेलास.

मी लिहिलं नाही. ‘कोणी पाहिलं’ या रकान्यात तुझं नाव घालावं लागलं असतं. मासेमार सीलबद्दल सांगतात त्या सगळ्या कागाळ्याच असतात, असा माझा नियम होता, आणि तो नियम मीच केला होता. खाली जाऊन बघितलंसुद्धा नाही, कारण माझा सकाळचा पहारा आटोपला होता. आणि जानेवारीत सेत्सुको आन्टीनं विचारलं तेव्हा ‘नाही’ म्हटलं, केक खाल्ला, आणि तुला लिहिलं की वहीत तशी नोंद नव्हतीच. नव्हतीच, कारण मी केली नाही.

मी डॉक्टरला विचारलं, दोन दिवस आधी कळवलं असतं तर वाचली असती का. म्हणाली, ‘बहुतेक नाही.’ मी तेव्हापासून त्या ‘बहुतेक’शी भांडतेय.

मला वाटायचं, किनाऱ्यावर मी एकटी काय ती शहाणी. नाकानं कांदे सोलत होते, भावा. आता आरशात बघवत नाही. जाताना विमानतळावर तू एकच वाक्य बोललास, ‘सिस, तू मला विचारलंसुद्धा नाहीस.’ तेव्हा वाटलं, चोराच्या उलट्या बोंबा. आज ते वाक्य कानातून जात नाही. खरंच नाही विचारलं. गावाला सांगितलं, वन्यजीव अधिकाऱ्याला सांगितलं. तुला विचारलं नाही.

हाउनानी

९ मार्च

प्रिय काइपो,

काल सभा घेतली. त्याच हॉलमध्ये, त्याच वेळी. मीच फोन करून करून माणसं गोळा केली. ज्यांनी तेव्हा ऐकलं होतं त्या प्रत्येकाला बोलावलं. मानोंगला म्हटलं, तू पुढच्या रांगेत बस. तो म्हणाला, ‘मी पहिल्यापासूनच पुढच्या रांगेत आहे.’

अहवाल वाचला. मग मांजरांचं सांगितलं. मग सात नोव्हेंबरचं. मागून कोणीतरी ओरडलं, ‘मग बोटीवर जे लिहिलंय ते आता कोणाच्या घरावर लिहायचं?’

‘माझ्या,’ म्हटलं. ‘रंग उरला असेल तर घेऊन या.’

टायर फाडल्याचं निघालं तेव्हा दोन माणसं जमिनीकडे बघत बाहेर गेली. सेत्सुको आन्टी शेवटपर्यंत बसून राहिली. मला वाटलं आता वही काढून घेणार, आणि घ्यायलाच हवी होती. ती जवळ आली आणि म्हणाली, ‘गाढव आहेस. पाच वर्षं तुझ्या अंगणात बसून कॉफी प्यायले मी, त्या मांजरांना कुरवाळलं. मला कुठं सुचलं?’ आणि रडायला लागली. ती रडते हे मी पहिल्यांदा पाहिलं. मला वाटायचं तिला फक्त शिट्टी वाजवता येते.

घरी येऊन तुझी बोट घासली. लाल रंग चिवट आहे. ‘खु’ गेला, ‘नी’ची वेलांटी अजून दिसते. उद्या परत घासते.

आता एक न विचारता केलं, ते सांगते. तुझी जाळी घेतली. उंदरांना हाकललं, भोकं शिवली, आणि मानोंगनं आणि मी छपराभोवती, वरूनसुद्धा, जाळ्यांचा पिंजरा केला. तीन लहान पिल्लं लोकांनी घरात पाळायला नेली, अकरा मोठी मांजरं आत आहेत. सगळ्यांना पशुवैद्याकडे नेऊन आणलं, यापुढे पिलावळ नाही. घाण पिशवीत बांधून कचऱ्याच्या गाडीत जाते, एक चिमूटही ओढ्यात नाही. पहिल्या दिवशी आईची ती फाटक्या कानाची मांजरी जाळीला नख लावून माझ्याकडे अशी बघत होती की मी शरमेनं आत गेले. तिचा काय दोष? ती मांजरासारखी वागली. मारून टाका असंही कोणी कोणी म्हणालं. ते माझ्यानं होणार नाही. जाळ्यांसाठी रागावणार असशील तर इथं येऊन रागाव.

सोबतचा कागद बघ. आमच्या वहीत खोडायचं नाही असा नियम आहे. राहून गेलेली नोंद नव्या पानावर लाल शाईनं लिहायची, ज्यानं पाहिलं त्यानं सही करायची आणि एका साक्षीदारानं. हे ते पान आहे. सात नोव्हेंबरची ओळ मी लिहिली आहे. ‘गोल फिरत होती. डोकं पाण्यावर ठेवता येत नव्हतं.’ कोणी पाहिलं, काइपो. शेऱ्यात लिहिलंय, ‘कळवलं होतं, हाउनानीनं नोंदवलं नाही.’ तुझे शब्द माझ्याकडून नीट उतरले नसतील तर दुरुस्त कर. सही कर. लिफाफ्यावर तिकीट लावून ठेवलंय. माझ्याशी बोलायचं नसेल तरी चालेल, लीकोसाठी कर.

हाउनानी

४ एप्रिल

प्रिय काइपो,

आज पान आलं. पत्र नव्हतं, नुसतं पान. मी लिफाफा दोनदा झटकला.

तू माझ्या ओळीखाली सही केली आहेस, आणि त्याच्याखाली तुझ्या हातानं दुसरी ओळ लिहिली आहेस. लाल पेन कुठून आणलंस? हॉटेलात मागितलंस का कोणाकडे?

नऊ नोव्हेंबर. पाच ते पावणेसहा. लीको. ओढ्याच्या तोंडाशी. झटके येत होते. कोणी पाहिलं, काइपो. आणि शेऱ्याच्या रकान्यात जागा पुरली नाही म्हणून समासात गेलेली ती बारीक अक्षरं: ‘भटके कुत्रे येत होते, वल्ह्यानं हाकलले. फोनला रेंज नव्हती. सोडून जाववेना. बहीण पावणेसहाला येतेच, म्हणून ती येईपर्यंत जवळ बसलो.’

मी ते पान घेऊन खाली किनाऱ्यावर गेले. तू बसला होतास तिथं बसले. तिथून आपल्या घराची पायवाट अख्खी दिसते, हे मला ठाऊक नव्हतं. वळणावर माणूस आला की लगेच दिसतो. मी येताना दिसले म्हणून तू उठून उभा राहिला होतास. तू माझी वाट बघत होतास, काइपो. पाऊण तास. आणि मी त्या उठण्याला दचकणं म्हणून सांगितलं, एकदा सभेत, एकदा अधिकाऱ्यापुढे.

मी खूप वेळ रडले. आता हे सांगून तुला काय करायचंय, पण रडले.

ओढ्यापलीकडे एक सील येऊन पडली होती. तरुण मादी, पट्टी नसलेली, मला अनोळखी. मी पन्नास फुटांवर दोरी बांधली, पाटी रोवली आणि वहीत लिहिलं.

मग तुझ्या पानाचा शेवटचा रकाना राहिला होता, साक्षीदाराचा. त्या सकाळी तिथं तुझ्यामाझ्याशिवाय दुसरं कोणी नव्हतं. मी जे पाहिलं होतं तेच तुझ्या ओळीत होतं, आता नीट वाचता आलं. मी हात पुसले आणि सही केली.

हाउनानी